एक कोयता म्हणजे किती माणसे?

शब्दकोशात 'कोयता' पाहावा तर अर्थ सोपा मिळतो. लाकूड, झुडूप किंवा ऊस तोडण्याचे जड पात्याचे हत्यार. बीड जिल्ह्यात हाच शब्द कानावर पडला तर अर्थ बदलतो. तिथे कोयता म्हणजे नवरा आणि बायको. ऊसतोडीची टोळी जमवणारा मुकादम 'दहा कोयते मिळाले' म्हणतो, म्हणजे वीस माणसे मिळाली. जोडीदार नसलेला किंवा पोरसवदा मजूर असेल तर तो 'अर्धा कोयता'.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मराठीचा उतारा मुलांना उर्दूत समजावून सांगण्याची सवय अंगवळणी पडली आहे, पण अशा शब्दापाशी थांबावे लागते. छुरी, बुगदा, सत्तूर यांपैकी कोणत्याही शब्दाने नवरा-बायकोचा बोध होत नाही. 'मियाँ-बीवी' म्हणावे तर पाते निसटते. दोन्ही एका शब्दात बसवण्याची सोय उर्दूत नाही, आणि ती नाही याचे आम्हाला वाईटही वाटत नाही.

माणसाला हत्याराच्या नावाने मोजणे वाईट, हे कुणीही चटकन मान्य करील. पण नेमके का वाईट, असे विचारले की उत्तर द्यायला वेळ लागतो. आम्हालाही लागला. तो शोध इथे मांडतो आहोत.

आधी हत्याराबद्दल. आमच्या विदर्भात ऊस थोडा. नागपूरच्या आसपास कोयता लागतो तो बांबू छाटायला, कुंपणासाठी काट्या तोडायला, बाभळीच्या फांद्या उतरवायला. कोकणात तो शेतकऱ्याच्या कमरेला आकडीत अडकवलेला असतो. शब्दाचे मूळ दक्षिणेकडे सांगतात. कन्नडात 'कोय्यु' म्हणजे कापणे, पिकाची कापणी करणे. 'सत्तूर' मात्र अरबीतल्या 'सातूर'वरून आला आणि 'चाकू' तुर्की-फारसीच्या वाटेने. आपल्या स्वयंपाकघरात आणि गोठ्यात या सगळ्या भाषा शेजारी शेजारी टांगलेल्या असतात आणि एकमेकींना कापत नाहीत.

कारखान्यात ठोकलेला कोयता बाजारात मिळतो. पण ज्याला वर्षभर उन्हापावसात तो वापरायचा आहे, तो अजूनही लोहाराकडे जातो. नागपुरात उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन मोठे महामार्ग एकमेकांना मिळतात, त्यामुळे ट्रक पुष्कळ आणि ट्रकच्या मोडक्या कमानीचे पाटेही पुष्कळ. या पाट्याच्या पोलादात सुमारे अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो. त्यामुळे ते कठीणही होते आणि झटका सोसून परत सरळही होते. शहराच्या कडेला रस्त्यालगत गाडीलोहारांची पाले दिसतात. पुरुष सांडशीत तापलेला तुकडा धरून ऐरणीवर फिरवतो आणि समोर उभी राहून घण मारते ती बहुधा त्याची बायको. तिचा घण आणि त्याचा हात यांत अर्ध्या क्षणाचा मेळ चुकला तर लोखंड बिघडेल किंवा हात जाईल.

पाते आकाराला आले की ते पुन्हा तापवतात. लाल-नारिंगी झाले, लोहचुंबक चिकटेनासा झाला, की पोलाद पाणी घ्यायला तयार झाले असे जाणावे. मग फक्त धारेची बाजू पाण्यात किंवा तेलात बुडवायची. सगळे पाते बुडवले तर ते काचेसारखे कडक होते आणि पहिल्याच गाठीला तुटते. धार कडक आणि पाठ मऊ राहिली पाहिजे. नंतर थोडी ऊब देऊन कडकपणा जरा उतरवतात. वजन टोकाकडे ठेवतात, म्हणजे घाव पात्याच्या भाराने पडतो आणि मनगट वाचते.

या सगळ्या कामात आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो लोहाराचा पहिला प्रश्न: 'कुणासाठी?' हा प्रश्न चौकशीचा नाही, मापाचा आहे. डावखुऱ्या माणसाच्या पात्याला धार दुसऱ्या अंगाने लावावी लागते. बुटक्या माणसाला लांब पाते जमिनीला लागते. बाईच्या हाताला जाड मूठ त्रास देते. हाताने घडवलेल्या कोयत्यात घडवणाऱ्याचा हात तर असतोच, पण ज्याच्यासाठी घडवला त्याचाही हात असतो. तो दुसऱ्याच्या हातात दिला तर नीट चालत नाही.

आता कुणी म्हणेल, कामावरून माणसाला नाव पडणे यात नवल ते काय? आमच्या महाराष्ट्रातल्या मुसलमानांची निम्मी आडनावे अशीच आहेत. अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी, बागवान. आणि शिकलगार. अरबीत 'सैकल' म्हणजे घासून चकाकी आणणे. त्यावरून सैकलगर, त्यावरून आपला शिकलगार, म्हणजे शस्त्रांना जिल्हई आणि धार देणारा. आमच्या मोमिनपुऱ्यात विणकरांची जुनी वस्ती. तिथे माणसाची ऐपत विचारायची तर 'माग किती?' असे विचारत. मग 'कोयता' या नावात वेगळे काय?

आम्हाला फरक असा दिसतो. शिकलगार हे नाव त्या माणसाला काय येते ते सांगते. हातातले सान खाली ठेवले तरी नाव उरते, मुलाला मिळते, मुलगा मास्तर झाला तरी चिकटून राहते. 'कोयता' हे नाव त्या दोघांना काय येते ते सांगत नाही. किती उचल द्यायची, किती टन ऊस वसूल करायचा, एवढाच त्याचा उपयोग. हंगाम संपला की नाव संपले. मागांच्या मोजणीत तरी माग वेगळा आणि विणकर वेगळा असे दोन असतात. इथे ते दोन एक झाले, आणि त्याच्याही आधी दोन माणसे एक झाली.

हे एकीकरण नुसते भाषेत राहत नाही. मोजण्याचे एकक जोडीचे ठरले म्हणून जोडी असलीच पाहिजे, आणि ती व्हावी म्हणून अडनिड्या वयात लग्ने लावली जातात. शिवाय कोयता दोघांचा म्हटला तरी मूठ बहुतेक फडांत नवऱ्याच्या हातात. तो जमिनीलगत वाकून ऊस तोडतो, कारण साखर बुडख्याकडे जास्त. बायको पाचट काढते, वाढे वेगळे करते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. अशा टोळ्यांना 'डोकी सेंटर' असे नाव आहे. पहाटे उठून कोपीत भाकरी थापणारीही तीच. 'एक कोयता' म्हटल्यावर तिचे काम त्या शब्दात कुठे बसते ते आम्हाला सापडत नाही.

ॲरिस्टॉटलने एके ठिकाणी गमतीचा विचार केला आहे. कुऱ्हाड सजीव असती तर तिचा आत्मा कोणता म्हणावा? तर तोडण्याची शक्ती हाच. ही चर्चा त्याच्या आत्म्यावरील ग्रंथात आहे आणि त्यावर बाराव्या शतकात इब्न रुश्दने भाष्ये लिहिली, म्हणून ती आपल्या मदरशांच्या परंपरेलाही परकी नाही. हाच ॲरिस्टॉटल दुसरीकडे गुलामाला जिवंत अवजार ठरवतो. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली की हिशेब पुरा होतो. कुऱ्हाडीला आत्मा कल्पिला तर तो तोडण्यापुरता, आणि माणसाला अवजार मानले तर त्याचाही आत्मा तोडण्यापुरताच उरतो. त्याला भूक, पाळी, ताप, पोर, वरात, मयत हे काही असायचे कारण नाही. पण मौज अशी की त्याच ग्रंथकाराने पुढे कबुली दिली आहे: गुलाम म्हणून त्याच्याशी मैत्री होऊ शकत नाही, माणूस म्हणून मात्र होऊ शकते. एवढी फट त्याने ठेवली, ती सव्वादोन हजार वर्षांनंतरही आपल्याला रुंद करता आलेली नाही.

इथे दुसरा एक प्रश्न आडवा येतो, आणि तो टाळता येत नाही. हत्याराला माणसाच्या जागी बसवतो तसा आपण हत्याराला गुन्हेगारही करतो. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या पोरांच्या बातम्या रोज येऊ लागल्या आणि 'कोयता गँग' हा शब्द घरोघरी गेला. कोयता विकताना गिऱ्हाइकाचे आधार कार्ड पाहा, असे पोलिसांनी दुकानदारांना बजावले. २०२३ च्या जून महिन्यात सदाशिव पेठेत भर सकाळी एका तरुणाने एका विद्यार्थिनीवर कोयता उगारला, आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी रिकाम्या हातांनी तो धरला. कायदाही कोयत्याकडे संशयाने पाहतो, पण विचारपूर्वक. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत धरली आहेत; मात्र घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योग यांसाठी बनवलेली वगळून. म्हणजे मोजपट्टी लावून झाल्यावर कायदा हेतू विचारतो. आम्हा मुसलमानांना यात परके काही वाटू नये. कर्माचे मोल नियतीवर, हे आपण मकतबात पहिल्यांदा शिकतो.

पण घडवणाऱ्याचा हेतू पुरेसा आहे का? १९९४ साली रवांडात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. त्यांतली पुष्कळशी ज्या हत्याराने मारली ते शेतकऱ्याचेच होते, आपल्या कोयत्याचा आफ्रिकेतला भाऊ. शेतीसाठी बनवलेले म्हणून ते कुठल्याही अनुसूचीतून सुटले असते. तेव्हा हेतू लोखंडात शिरून तिथेच राहत नाही. तो प्रत्येक हाताबरोबर नव्याने ठरतो. आणि ज्याला पुढचे दिसत होते, तरी ज्याने मागणी पुरवली, त्याला 'मी तर शेतीचे अवजार विकले' एवढे बोलून सुटता येत नाही. कुरआनात हज़रत दाऊद यांच्या हाती लोखंड मऊ केल्याचा उल्लेख येतो, आणि त्यांना जे घडवायला सांगितले ते चिलखत होते, कड्या मापात बसवून. आम्हाला हे नेहमी विचार करण्यासारखे वाटत आले आहे.

प्राचीन अथेन्समध्ये एक विधी होता. झ्यूसच्या वेदीवर बैल मारीत. बैल हा नांगराचा सोबती, त्याला मारणे पाप. म्हणून मारल्यावर लगेच खटला भरायचा. पोर्फिरी या तत्त्वज्ञाने त्याचे वर्णन केले आहे. पाणी आणणाऱ्या मुली म्हणायच्या, दोष धार लावणाऱ्यांचा. धार लावणारे म्हणायचे, ज्याने हत्यार हाती दिले त्याचा. तो म्हणायचा, ज्याने गळा चिरला त्याचा. आणि चिरणारा सुरीकडे बोट दाखवायचा. सुरीला बोलता येत नाही, म्हणून तीच दोषी ठरायची आणि तिला समुद्रात फेकून द्यायचे. मग बैलाच्या कातड्यात पेंढा भरून त्याला नांगराला जुंपून उभा करायचे, म्हणजे जणू काही झालेच नाही.

हे वाचले तेव्हा आम्हाला अथेन्स आठवला नाही, साखर आठवली. कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी. ठेकेदार म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी उचल दिली आहे, ती स्वतः कर्ज काढून दिली आहे, ती वसूल व्हायला नको का? ही उचल एका कोयत्यामागे पन्नास हजारांपासून लाखाच्या वरही जाते. एखाद्या दिवशी काम झाले नाही तर तो खाडा, आणि खाड्याचा दंड पाचशे रुपयांपर्यंत. दोघे मिळून दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतात, त्याची मजुरी फार तर एवढीच किंवा थोडी अधिक. नवरा म्हणतो, खाडा परवडत नाही. शेवटी बोट येऊन थांबते ते कोयत्यातल्या त्या अर्ध्यावर, जिला बोलायला कुणी बोलावलेलेच नाही.

२०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे गुंतागुंतीची आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. लहान वयातली बाळंतपणे, फडात ना आडोसा ना पाणी, डोक्यावरचे ओझे, पाळीच्या दिवसांतला खाडा, कर्करोगाची भीती घालणारे खाजगी दवाखाने. प्रत्येक कारणामागे कुणी ना कुणी माणूस उभा आहे आणि प्रत्येकाजवळ पुढच्याकडे दाखवायला बोट आहे. पात्याला पाळी येत नाही. म्हणून एका शब्दात पाते आणि बाई एक करून टाकल्यावर, बाईने पात्यासारखे व्हावे ही अपेक्षा कुणी उघड बोलून दाखवावी लागत नाही. हिशेबाची वहीच ती बोलते.

सुरुवातीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर इथे आहे. अपमान हा त्यातला लहान भाग. मोठा भाग असा की या नावामुळे जबाबदारी ठेवायला जागाच उरत नाही. मजूर म्हटला की मालक कोण हे विचारावे लागते, बाई म्हटली की तिची तब्येत विचारावी लागते, मूल म्हटले की शाळा विचारावी लागते. कोयता म्हटला की फक्त संख्या विचारायची. लोहाराचा 'कुणासाठी?' आणि मुकादमाचा 'किती?' यांत हा फरक आहे, आणि मुकादमाच्या जागी देवमाणूस बसवला तरी वही तीच राहिली तर प्रश्न तोच राहील.

उर्दूत 'औज़ार' हा शब्द ज्या अक्षरांनी लिहितात, त्याच अक्षरांनी अरबीत 'विज़्र'चे अनेकवचन लिहितात. आपल्या अवजाराचे नाते फारसी 'अफ़ज़ार'शी सांगतात. पण वर्गातल्या मुलाला दोन्ही शब्द सारखेच दिसतात. विज़्र म्हणजे ओझे, आणि गुन्ह्याचे ओझेही. ज्याचे ओझे त्याच्याच खांद्यावर, हे तत्त्व या शब्दानेच सांगितले गेले आहे. इथे मात्र कारखान्याचे, ठेकेदाराचे, दवाखान्याचे ओझे एका बाईच्या डोक्यावर आहे, मोळीसकट. आणि थोडे आमचेही. महाराष्ट्रात साखर ज्या घरात जात नाही असे घर दाखवणे कठीण. ईदच्या शीरखुर्म्यात ती असते, वर्गात वाटलेल्या पेढ्यात असते. आम्ही अथेन्सच्या त्या रांगेत उभे आहोत, जरा मागे, पाणी आणणाऱ्यांच्याही मागे. पण साखर सोडल्याने कोप्यांतल्या चुली पेटणार नाहीत, उलट विझतील. म्हणून तो सोपा त्याग आम्ही कुणाला सुचवत नाही.

शिक्षक म्हणून आम्हाला जे दिसते ते वहीपुरते आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो की सहा ते चौदा वयाचे मूल शाळेत असले पाहिजे. टोळी दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि उन्हाळा लागता परतते. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ सगळे. बारा-तेरा वर्षांचा मुलगा फडात 'अर्धा कोयता' होतो तेव्हा आमच्या व्यवसायबंधूच्या हजेरीपटात त्याच्या नावापुढे रेघ ओढली जाते. हंगामी वसतिगृहे निघाली, ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ झाले, ग्रामसेवकांनी कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यावे असे ठरले. ओळखपत्र एकेका माणसाचे असते, जोडीचे नसते, हे त्यातले आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. ती मिळणार टनामागे, आणि टनाचा हिशेब अजून कोयत्याच्या नावावर.

बाईची मजुरी बाईच्या खात्यात वेगळी जमा करा, अशी मागणी महिला शेतकऱ्यांच्या संघटना करत आल्या आहेत. यावर एक आक्षेप असा येतो की मोळी बांधणे आणि ऊस तोडणे यांची वाटणी कशी मोजायची. टन तर एकच. गाडीलोहाराच्या पालावर हा आक्षेप कुणी मांडला असता तर आम्हाला ऐकायला आवडले असते. घणाचा भाग किती आणि सांडशीचा किती? अर्धा-अर्धा लिहिणे फार अवघड नाही. मुकादमाच्या वहीत त्यासाठी एक ओळ वाढेल, दोन नावे येतील, आणि उचल घेताना दोन अंगठे किंवा दोन सह्या लागतील. एवढे झाले तर दुसऱ्या सहीसाठी बोलावलेली बाई पहिल्यांदाच विचारू शकेल, की ही रक्कम किती, कशापोटी, आणि खाडा धरायचा कोणत्या दिवसाचा. ती विचारील म्हणूनच ही ओळ वाढायला वेळ लागतो आहे, असा आमचा अंदाज आहे.